गळा बेताचाच आहे? मग घरच्या घरी गाणं चांगलं रेकॉर्ड कसं करायचं?

गाणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं, इअरफोन लावून ऐकलं आणि दहाव्या सेकंदाला डिलीट केलं. तुमच्याबरोबर असं किती वेळा झालंय?

आईच्या पंचाहत्तरीला एखादं भावगीत, मित्राच्या हळदीसाठी रील, गणपतीत सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला अभंग. प्रत्येकाला काही स्पर्धेत उतरायचं नसतं. आपल्या माणसांना ऐकवता येईल इतपत गाणं हवं असतं. पण पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं की अनेक जण 'हे आपलं काम नाही' म्हणतात आणि गाणंच सोडतात. काही जण लगेच 'ऑटोट्यून लावून बघू' म्हणून अ‍ॅप डाउनलोड करतात. त्याने गाणं सुधारत तर नाहीच, उलट यंत्रातून आल्यासारखं वाटायला लागतं.

घरच्या रेकॉर्डिंगमध्ये जे वाईट ऐकू येतं, त्यातला बराच भाग गळ्याचा नसतोच. चुकीची पट्टी, घुमणारी खोली, माईकपासूनचं अंतर आणि कानात वाजणारा ट्रॅक यांचाही त्यात वाटा असतो. या गोष्टी गळ्यापेक्षा लवकर दुरुस्त होतात आणि बहुतेक फुकटात होतात. फक्त त्या योग्य क्रमाने करायला हव्यात. तो क्रमच इथे समजून घेऊ.

स्वतःचा आवाज इतका परका का वाटतो?

आपण बोलतो किंवा गातो तेव्हा स्वतःचा आवाज दोन वाटांनी ऐकतो. एक वाट हवेतून कानापर्यंत. दुसरी कवटीच्या हाडांमधून, थेट कानाच्या आतल्या भागापर्यंत. हाडांतून येणाऱ्या आवाजात खालचे, जाड कंप जास्त असतात. त्यामुळे स्वतःला आपला आवाज भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतून आलेला आवाज असतो, म्हणून तो पातळ आणि अनोळखी वाटतो.

म्हणजे पहिला धक्का बेसूर असण्याचा असेलच असं नाही. तो सवय नसल्याचाही असतो. आठ-दहा रेकॉर्डिंग ऐकली की हा परकेपणा ओसरतो आणि खरे दोष कुठे आहेत ते ऐकू यायला लागतं.

सूर अजिबातच ओळखता न येणं ही जन्मजात स्थिती असू शकते, पण ती फार थोड्या लोकांमध्ये आढळते. कुणी दुसरं बेसूर गायलं की तुम्हाला ते खटकत असेल, तर तुमचा कान काम करतोय. गळा मागे आहे, एवढंच.

आधी दोष कुठे आहे ते शोधा

कोणतंही अ‍ॅप किंवा माईक घेण्याआधी एक चाचणी करा. गाण्याचा एक मुखडा आणि एक अंतरा रेकॉर्ड करा. त्याच जागी उभं राहून दोन वाक्यं नुसती बोला. मग शांतपणे ऐका.

• बोललेली वाक्यंही विहिरीतून आल्यासारखी वाटतायत? दोष खोलीचा आहे.
• ओळीची सुरुवात ठीक आहे, पण शेवटचा लांबवलेला सूर खाली घसरतोय? श्वास पुरत नाहीये.
• फक्त अंतऱ्यातली वरची ओळ फाटतेय किंवा ओरडल्यासारखी वाटतेय? पट्टी चुकली आहे.
• पूर्ण गाणं सगळीकडे थोडं कणसूर आहे? गाताना तुम्हाला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नसावा.
• सगळं गाणं ट्रॅकच्या सारखंच मागे पडतंय? ब्लूटूथ किंवा मोबाईलमुळे उशीर होतोय. त्यात तुमची लय चुकलेली नाही.

ही यादी जवळ ठेवा. पुढचा प्रत्येक उपाय यातल्या एखाद्या दोषासाठी आहे.

पट्टी: सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो

कराओके ट्रॅक साधारणपणे मूळ गायकाच्या पट्टीत असतो. ती पट्टी त्या गायकाच्या गळ्यासाठी निवडलेली होती. तुमच्या गळ्याला ती मानवेलच असं नाही. तरीही आपण त्याच पट्टीत गायचा हट्ट धरतो आणि वरच्या ओळीला गळा फाटला की दोष स्वतःला देतो.

हार्मोनियमच्या भाषेत आपण काळी एक, पांढरी चार, काळी पाच असं म्हणतो. म्हणजे षड्ज कोणत्या पट्टीवर धरायचा ते ठरवतो. पाश्चात्त्य नावांत सांगायचं तर पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी चार म्हणजे एफ, काळी चार म्हणजे जी शार्प आणि काळी पाच म्हणजे ए शार्प. ढोबळमानाने पुरुष काळी एकच्या आसपास आणि स्त्रिया काळी चार-पाचच्या आसपास गाताना दिसतात. पण हा नियम नाही. तुमची पट्टी तुमच्या गळ्यानेच ठरेल.

ती शोधायची कशी? गाण्यातली सगळ्यात वरची ओळ आधी गा. ओरडावं लागत असेल तर ट्रॅक एका अर्धस्वराने, म्हणजे हार्मोनियमवरच्या लगतच्या पट्टीएवढा खाली घ्या. पुन्हा गा. वरची ओळ बोलण्याच्या ताकदीत निघेपर्यंत खाली या. मग सगळ्यात खालची ओळ तपासा. ती नुसती पुटपुटल्यासारखी होत असेल तर एक पट्टी पुन्हा वर चढा. दोन्ही टोकं सांभाळणारी जागा मिळाली की तीच तुमची पट्टी.

बहुतेक कराओके अ‍ॅपमध्ये 'की' किंवा 'पिच' बदलायची सोय असते. कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमधल्या 'चेंज पिच' इफेक्टने वेग न बदलता पट्टी बदलता येते. दोन-तीन अर्धस्वरांपर्यंत ट्रॅक सहसा चांगला राहतो. त्यापुढे वाद्यांचा आवाज विचित्र व्हायला लागतो. पुरुषाने स्त्रीचं गाणं घेतलं किंवा उलट, तर पाच-सात अर्धस्वरांचा फरक लागू शकतो. अशा वेळी नुसती हार्मोनियम, गिटार किंवा तानपुरा अ‍ॅप यांची साथ घेतलेली बरी.

घरातली कोणती खोली निवडाल?

बाथरूममध्ये गाणं छान वाटतं, कारण टाइल्सवरून आवाज परत येतो आणि सुरातले बारीक दोष झाकले जातात. पण तोच घुमारा रेकॉर्डिंगमध्ये पक्का बसला की नंतर जवळपास काढता येत नाही. घुमारा नंतर हवा तेवढा टाकता येतो. म्हणून रेकॉर्डिंग कोरडंच करायचं.

कोरडी जागा म्हणजे जिथे मऊ, जाड वस्तू भरपूर आहेत अशी जागा. बेडरूम चांगली. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून उभे राहिलात तर आणखी चांगलं, कारण माईक तुमच्याकडे तोंड करून असतो आणि तुमच्या मागून येणारा आवाज त्याला जास्त पकडता येतो. मागे दोरीवर गोधडी किंवा रजई टांगली तरी चालते. खोलीच्या अगदी मधोमध किंवा कोपऱ्यात उभे राहू नका. भिंतीवर चिकटवायचा पातळ फोम विकत घ्यायची घाई नको. जाड गोधडी त्याच्यापेक्षा बरंच काम करते.

पंखा, एसी बंद. फ्रिजची घरघर ऐकू येत असेल तर दार लावून घ्या. कुकर, दारावरची बेल आणि वरच्या मजल्यावरचं ड्रिल यांच्यावर इलाज नाही. त्यासाठी रात्री उशिराची किंवा दुपारची शांत वेळ शोधा. गायच्या आधी दहा सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवा. ऑडॅसिटीसारखी सॉफ्टवेअर त्या तुकड्यावरून खोलीतला सततचा आवाज ओळखतात आणि कमी करतात. हा उपाय जपून वापरा. जास्त झाला की आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो.

माईक नवा घ्यावा लागेल का?

पहिल्या काही गाण्यांसाठी नाही. आजचा मोबाईल पुरेसा आहे, पण नेहमीच्या सेटिंगवर नको. रेकॉर्डर अ‍ॅपमध्ये मुलाखत किंवा आवाज स्वच्छ करण्याचा मोड असेल तर तो बंद करा. हे मोड बोलण्यासाठी असतात. गाण्यातले लांब सूर त्यांना गोंगाट वाटतात आणि ते कापले जातात. आयफोनच्या व्हॉइस मेमोजमध्ये ऑडिओ क्वालिटी 'लॉसलेस' ठेवा. अँड्रॉइडवर वेव्ह फॉरमॅटची सोय असलेलं रेकॉर्डर अ‍ॅप निवडा.

माईक घ्यायचाच असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. कंडेन्सर माईक नाजूक आवाजही टिपतो, म्हणजे शेजारच्यांचा टीव्हीसुद्धा टिपतो. घुमणाऱ्या, आवाज येणाऱ्या घरात डायनॅमिक माईक जास्त सोयीचा पडतो. स्टेजवर नेहमी दिसणारा शुअर एसएम५८ हा त्याच प्रकारातला. तो १९६६ पासून बाजारात आहे.

अंतर किती? साधारण एक वीत. लांब गेलात की तुमचा आवाज कमी आणि खोलीचा जास्त येतो. फार जवळ गेलात की बहुतेक माईकवर आवाज बोजड होतो. जोरात ओळ आली की थोडं मागे सरका, हळुवार ओळीला पुढे या.

मराठी गाण्यात भ, फ, प, ख यांचा मारा भरपूर असतो. या अक्षरांना तोंडातून हवेचा झोत येतो आणि रेकॉर्डिंगमध्ये 'धप्प' असा आवाज बसतो. माईक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता किंचित बाजूला ठेवा, म्हणजे झोत त्याच्या शेजारून जाईल. भरतकामाच्या रिंगवर जुना पातळ स्टॉकिंग ताणून माईकपुढे धरला की घरगुती पॉप फिल्टर तयार होतो.

आवाजाची पातळी फार वर ठेवू नका. सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात जोरात ओळ गाताना मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहिला पाहिजे. आवाज शून्याला धडकून एकदा फाटला की पुन्हा नीट होत नाही.

कानात काय वाजतंय, त्यावर सूर ठरतो

ट्रॅक स्पीकरवर लावून गाऊ नका. स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरला की तुमचा आवाज वेगळा राहत नाही आणि पुढची कोणतीही दुरुस्ती नीट होत नाही. इअरफोन हवेतच, आणि तेही वायरचे. ब्लूटूथमध्ये आवाज पोहोचायला १००-२०० मिलिसेकंद किंवा त्याहूनही जास्त उशीर होऊ शकतो. तेवढ्याने ठेका चुकतो.

इअरफोन एकाच कानात घाला. दुसरा कान मोकळा ठेवा, म्हणजे स्वतःचा खरा सूर ऐकू येईल. कानातला ट्रॅक बेताचा ठेवा. तो फार मोठा असला की आपण त्याच्यावर ओरडायला लागतो आणि सूर सरकतो.

घरात दोन मोबाईल असतील तर एक सोपी युक्ती आहे. एका मोबाईलवर वायरच्या इअरफोनमधून ट्रॅक ऐका, दुसऱ्यावर फक्त आवाज रेकॉर्ड करा. गाणं सुरू होण्याआधी ट्रॅकच्या एका ठळक ठोक्यावर टाळी वाजवा. नंतर सॉफ्टवेअरमध्ये ती टाळी त्या ठोक्यावर आणून ठेवली की दोन्ही जुळतात.

गळ्यासाठी काय करता येईल?

दोन आठवड्यांत कुणी पट्टीचा गायक होत नाही, पण एक ठरावीक गाणं नक्की सुधारतं. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

आधी शब्द बाजूला ठेवा आणि चाल नुसती 'आ'कारात गा. शब्दांच्या आड लपलेले कच्चे सूर लगेच उघडे पडतात. मूळ गाण्याची एक ओळ ऐका, थांबवा, गा, रेकॉर्ड करा, तुलना करा. अवघड जागा पाऊणपट वेगाने ऐका. गुणगुणणं आणि ओठ फडफडवत सूर लावणं, हे दोन व्यायाम गळा न ताणता तो मोकळा करतात.

श्वास कुठे घ्यायचा ते गाण्याच्या कागदावर पेन्सिलीने खूण करून ठेवा. ओळीच्या शेवटी सूर घसरतो, कारण श्वास मधेच संपलेला असतो. उभं राहून गा. लांबवलेला सूर टिकत नसेल तर तो थोडा आधी सोडा. आखूड पण सुरेल शेवट लांब आणि घसरलेल्या शेवटापेक्षा केव्हाही चांगला. मोठ्या गायकाची प्रत्येक हरकत घ्यायलाच हवी असंही नाही. सरळ गायलेली ओळ कानाला गोड लागते.

गळा दुखायला लागला तर थांबा. बसलेला आवाज दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

एका दमात पूर्ण गाणं गायची गरज नाही

स्टुडिओतही एका गाण्याचे अनेक टेक होतात आणि त्यातल्या चांगल्या ओळी जोडून एक गाणं तयार केलं जातं. याला कॉम्पिंग म्हणतात. ज्यांचा गळा कधी लागतो, कधी लागत नाही, त्यांच्यासाठी ही पद्धत वरदान आहे.

पूर्ण गाणं चार-पाच वेळा गा. माईक, अंतर, उभं राहायची जागा आणि पट्टी तीच ठेवा, नाहीतर जोड ऐकू येतात. मग प्रत्येक ओळीचा सगळ्यात चांगला टेक निवडा. सूर आणि भाव यांत निवड करायची वेळ आली तर अगदी थोडा कणसूर असलेला पण भाव असलेला टेक घ्या. सूर नंतर थोडा सरळ करता येतो, भाव नंतर घालता येत नाही. ओळी श्वासाच्या जागी कापा आणि जोडावर छोटा क्रॉसफेड द्या. श्वासाचे आवाज पूर्ण पुसू नका, फक्त थोडे कमी करा. श्वासच नसलेलं गाणं निर्जीव वाटतं.

यासाठी ऑडॅसिटी, मोबाईल आणि ब्राउझर दोन्हीवर चालणारं बँडलॅब किंवा अ‍ॅपलच्या उपकरणांवरचं गॅरेजबँड पुरेसं आहे. तिन्ही मोफत आहेत.

ऑटोट्यून नेमकं काय करतं?

ऑटोट्यून हे सॉफ्टवेअर १९९७ साली आलं. ते तयार करणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी तेलाच्या शोधासाठी जमिनीखालच्या ध्वनिलहरींचं विश्लेषण करत होते. ते गणित त्यांनी सुराकडे वळवलं. १९९८ मध्ये शेर या गायिकेच्या 'बिलीव्ह' गाण्यात ते मुद्दाम टोकाला नेऊन वापरलं गेलं आणि तो यांत्रिक आवाज जगभर पोहोचला.

दोन शेजारच्या सुरांमधलं अंतर १०० सेंट मानलं जातं. तुम्ही २० सेंट खाली गायलात तर सॉफ्टवेअर तुम्हाला बरोबर सुरावर उचलून ठेवतं. पण ६० सेंट खाली गायलात तर तुम्ही खालच्या सुराच्या जास्त जवळ असता, आणि सॉफ्टवेअर तुम्हाला त्या चुकीच्या सुरावरच पक्कं बसवू शकतं. म्हणूनच फार बेसूर गाण्यावर ऑटोट्यून लावलं की ते आणखी विचित्र होतं. पट्टी आणि टेक आधी सुधारायचे ते याचसाठी.

गाण्याची पट्टी आणि त्यात लागणारे सूर सॉफ्टवेअरला आधी सांगा. सगळे बारा सूर खुले ठेवले तर चुका वाढतात. दुसरं म्हणजे सूर ओढण्याचा वेग कमी ठेवा. हा वेग मिलिसेकंदात असतो आणि आकडा जितका लहान, तितका यांत्रिकपणा जास्त. साधारण २० ते ५० मिलिसेकंदांपासून सुरुवात करून कानाला पटेपर्यंत आकडा वाढवा.

भावगीत, अभंग, नाट्यगीत गाणाऱ्यांनी जास्त सावध राहायला हवं. आपल्या गाण्यात सूर एका जागेवरून दुसरीकडे मींडेने जातो, काही सुरांवर आंदोलन असतं. सॉफ्टवेअरला ही चूक वाटते आणि ते मींडेच्या पायऱ्या करून टाकतं. अशा ओळींवर दुरुस्ती बंद ठेवा. मेलोडाइनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक सूर हाताने हलवता येतो, तिथे फक्त खटकणारे दोन-चार सूर सरळ करा. कॉम्प्युटरवर जीस्नॅप किंवा एमऑटोपिच हे मोफत प्लगइनही वापरून बघता येतील.

शेवटचा हात: मिक्सिंग

इथे चार गोष्टी पुरतात.

१. ईक्यू: ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापा. तिथे गाणं जवळपास नसतं, घरघर असते. आवाज कोंदट वाटत असेल तर २०० ते ४०० हर्ट्झचा भाग थोडा कमी करा.

२. कॉम्प्रेसर: मोठ्या ओळी जरा दाबून सगळं एका पातळीवर आणतो. तीनास एक हे प्रमाण सुरुवातीला ठीक. त्याआधी फार हळू किंवा फार जोरात असलेले शब्द हाताने वरखाली केलेत तर आणखी बरं.

३. रिव्हर्ब: कोरड्या आवाजाला जागा देतो. बंद केल्यावर उणीव जाणवावी पण चालू असताना वेगळा ऐकू येऊ नये, एवढाच ठेवा. दोष झाकायला जास्त टाकला की गायक दूरच्या हॉलमध्ये उभा असल्यासारखा वाटतो.

४. डबलिंग: तीच ओळ पुन्हा गाऊन मूळ आवाजाखाली हळू ठेवा. दोन टेकमधल्या बारीक फरकांमुळे आवाज भरदार होतो आणि थोडा कणसूरपणा विरून जातो. दोनदा गायचा कंटाळा मोठमोठ्यांनाही येतो. १९६६ मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत बीटल्ससाठी केन टाउनसेंड यांनी टेपच्या साहाय्याने हे काम आपोआप करणारी पद्धत काढली. आज कॉपी केलेला ट्रॅक २०-३० मिलिसेकंद मागे सरकवून त्याच्या जवळपास जाता येतं. धृवपदाला हे छान लागतं, एकट्या हळुवार ओळीला मात्र नको.

शेवटी गाणं मोबाईलच्या स्पीकरवर ऐका. ग्रुपवरचे बहुतेक लोक ते तसंच ऐकणार आहेत. शब्द कळत नसतील तर आवाज थोडा वर घ्या.

काय होणार नाही?

यातलं काहीच गळ्यात नवीन सप्तक आणत नाही. लय सतत सुटत असेल, चालच पाठ नसेल, तर कोणतंही सॉफ्टवेअर गाणं वाचवू शकत नाही. आणि प्रत्येक सूर सरळ करत बसलात तर शेवटी जे तयार होतं, ते तुमच्या आईला तुमचं वाटणार नाही. तिला तुमचाच आवाज ऐकायचा असतो. म्हणून दुरुस्ती तिथेच थांबवा, जिथे चुका कानाला टोचायच्या बंद होतात.

क्रम पुन्हा एकदा: दोष ओळखा, पट्टी ठरवा, खोली कोरडी करा, माईक एक वीत अंतरावर ठेवा, एक कान मोकळा ठेवा, चार-पाच टेक घ्या, चांगल्या ओळी जोडा, मग थोडी सूरदुरुस्ती आणि थोडं मिक्सिंग.

आणि ते पहिलं, नकोसं वाटलेलं रेकॉर्डिंग डिलीट करू नका. तारीख टाकून ठेवून द्या. महिन्याभराने नव्या रेकॉर्डिंगशेजारी ते लावून ऐका. कुठे सुधारलं आणि पुढे कशावर काम करायचं, ते तिथेच कळेल.